हरल्यावर कुठे जायचं?

खेळात पैसा शिरला आणि खेळाचा सत्यानाश झाला, याबद्दल डहाणू स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर कुणाचंही दुमत नाही. भांडण आहे ते तारखेवरून. सत्तरी ओलांडलेले म्हणतात, १९७७ साली केरी पॅकरने खेळाडू पळवले तिथेच सगळं संपलं. पन्नाशीतले हॅन्सी क्रोनिएचं नाव घेतात, म्हणजे साल २०००. चाळिशीतल्यांच्या मते २००८ साली आयपीएल आली आणि वाट लागली. पंचविशीतला पोरगा मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगतो की खरी मजा ॲपवर टीम लावण्यात होती, ती सरकारने २०२५ साली बंद केली. मी यावर बराच विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकाच्या हिशेबात खेळ त्याचं लग्न होईपर्यंत स्वच्छ होता.

पैसा नव्हता तेव्हाही पैशाचीच पंचाईत होती, हे मात्र कुणी बोलत नाही. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकलो आणि क्रिकेट बोर्डाकडे खेळाडूंना द्यायला बक्षीस नव्हतं. लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकाला एक लाख रुपये मिळाले. २०२२ साली त्याच बोर्डाने आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क विकले ४८,३९० कोटींना. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात आमची पिढी जन्मली, वाढली, चष्मा लागला आणि टपरीवर बसून खेळाच्या अधःपतनाबद्दल बोलायला मोकळी झाली.

आमच्या गावाकडच्या क्रिकेटमध्येही पैसा आलाच. भातकापणी उरकली, शेतं टणक झाली की डहाणू-तलासरीत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात ते थेट पहिल्या पावसापर्यंत. बांध सपाट करायचे, फक्कीने रेषा मारायच्या, जनरेटर आणायचा, दोन कर्णे झाडाला बांधायचे आणि माइक अशा माणसाच्या हातात द्यायचा ज्याला एरवी घरात कुणी बोलू देत नाही. पूर्वी जिंकणाऱ्या संघाला लाकडी शील्ड मिळायचं. आता माणसाच्या कमरेएवढा चषक, वर रोख रक्कम, मालिकावीराला सायकल, आणि आयोजक हौशी असले तर बोकड. यात बोकडाचं बक्षीस मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. शील्ड खाता येत नाही आणि बोकड कपाटात ठेवता येत नाही. विजय त्याच रात्री सगळ्या गावात वाटला जातो, दुसऱ्या दिवशी कुणाच्या डोक्यात हवा राहत नाही.

आता बक्षीस आलं म्हणजे लबाडी आली, आणि लबाडी आली म्हणजे नियम आले. या स्पर्धा बहुतेक ‘एक गाव एक संघ’ अशा असतात. बाहेरचा पट्टीचा बॅट्समन आणून स्वतःच्या गावचा म्हणून उतरवू नये यासाठी खेळाडूंची आधार कार्डं तपासतात. जगात रक्त आणि लघवी तपासून माणूस पकडतात, आम्ही पत्ता तपासून पकडतो. तलासरीकडच्या एका सामन्यात अशी तपासणी चालू असताना एका खेळाडूचं कार्ड निघालं गुजराती लिपीतलं. उंबरगावच्या बाजूचा पत्ता. समोरच्या कप्तानाने लगेच हात वर केला, “हा तर परराज्यातला खेळाडू!”

“जावई आहे आमचा,” एक म्हातारबाबा पुढे होऊन म्हणाले.

“जावई चालणार नाही, काका. गावचा पाहिजे.”

“दोन वर्षं आमच्याकडेच राहतोय तो. पोरगी आमची, भात आमचा खातो, मग गावचा कसा नाही?”

खेळ थांबला. माइकवाल्याने या मोकळ्या वेळेत अर्ध्या तालुक्यातल्या मान्यवरांचे आभार मानून घेतले. कमिटीचे पाच जण झाडाखाली गेले, दोनदा चहा झाला, आणि बाहेर आला तो निकाल असा: जावई घरजावई असल्याचं सिद्ध होत असल्याने त्याला फलंदाजी करता येईल, मात्र गोलंदाजी करता येणार नाही. लोझानच्या क्रीडा लवादाने आजवर बरेच निवाडे दिले असतील, पण अर्धा माणूस मान्य करून अर्धा बाद ठरवण्याची अक्कल त्यांना अजून आलेली नाही.

जावईबापू मैदानात उतरले आणि पहिलाच चेंडू उंच उडवून सीमारेषेवर झेल देऊन परतले. मैदानात हशा पिकला. मला मात्र त्या पोराचं कौतुक वाटलं, कारण त्याला त्याच रात्री सासूच्या समोर जेवायला बसायचं होतं. दडपण म्हणतात ते हे. आणि तरी तो बॅट खांद्यावर टाकून हसत आला. कारण कालवण पातळ मिळालं असतं फार तर. ताट मिळणार हे नक्की होतं.

मी चाहता आहे, तज्ज्ञ नाही. पण घोटाळ्यांच्या बातम्या इतकी वर्षं वाचून माझं एक मत बनलं आहे. फिक्सिंग आणि डोपिंग यांना आपण एकाच पोत्यात कोंबतो, ते चूक आहे. फिक्सिंग करणारा माणूस हरायला तयार असतो, किंबहुना हार हाच त्याचा विकायचा माल असतो. डोपिंग करणाऱ्याला हार सहनच होत नाही. पहिल्याला हाव सुटलेली असते, दुसऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. दोघे गुन्हेगार खरे, पण दोघांचा आजार एक नाही, म्हणून औषधही एक असू शकत नाही.

हावेचं उदाहरण द्यायचं तर दक्षिण आफ्रिकेचा कप्तान क्रोनिएच घ्या. २००० च्या जानेवारीत सेंच्युरियनच्या कसोटीत पावसाने तीन दिवस खाल्ले, तेव्हा दोन्ही कप्तानांनी एकेक डाव सोडून देऊन सामना निकाली केला. इंग्लंड जिंकलं. क्रिकेटच्या भल्यासाठी केवढं मोठं मन, म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या. पुढे चौकशीत कळलं की सामना निकाली व्हावा म्हणून क्रोनिएला एका सट्टेबाजाकडून रोकड आणि एक चामड्याचं जाकीट मिळालं होतं. पैशाचं एकवेळ समजू शकतो, पण जाकीट? ज्याला अख्खा देश डोक्यावर घेऊन नाचत होता, त्याला जाकिटाची काय कमी होती? भीती, गरिबी, नाइलाज यांपैकी कुठलंच कारण तिथे लावता येत नाही. २०१३ साली आयपीएलमधले तीन खेळाडू पकडले गेले, तेव्हा कमरेला टॉवेल खोचणं ही सट्टेवाल्यांना द्यायची खूण होती असं दिल्ली पोलिसांनी सांगितलं. दोन वर्षांनी न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, पण टॉवेलची गोष्ट लोकांच्या डोक्यातून गेली नाही. आमच्याकडे त्यानंतर वर्षभर कुणी घाम पुसायला टॉवेल काढला की माइकवाला ओरडायचा, “बघा, बघा, इशारा झाला!”

हावेच्या या बाजारात माझ्या आवडीची गोष्ट आहे ती मोलीपूरची. गाव गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यात. २०२२ साली तिथे काही हुशार मंडळींनी एक शेत भाड्याने घेतलं, हॅलोजन लावले, कॅमेरे उभे केले आणि शेतमजुरांना व बेकार पोरांना चेन्नई, मुंबई, गुजरातच्या जर्सी घालून चक्क आयपीएल सुरू केली. प्रेक्षकांचा गोंगाट इंटरनेटवरून उतरवलेला. हर्षा भोगलेंचा हुबेहूब आवाज काढणारा एक समालोचक. खरी आयपीएल संपून काही आठवडे झाले होते, पण हे ठाऊक नसलेले रशियातले सट्टेबाज त्व्हेर, व्होरोनेझ आणि मॉस्कोहून या सामन्यांवर पैसे लावत होते. पंचाच्या हातात वॉकीटॉकी. त्यावर हुकूम यायचा, पंच बॅट्समनला किंवा बोलरला सांगायचा, आणि ठरल्याप्रमाणे चौकार जायचा किंवा विकेट पडायची. स्पर्धा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचली आणि मग पोलिस पोचले.

मजुरांना मिळायचे सामन्यामागे ४०० रुपये. हे वाचल्यावर आमच्या टपरीवर सगळ्यांचा पहिला प्रश्न होता, “जेवण धरून की जेवण सोडून?” आमच्या तलासरीतून रोज पहाटे कितीतरी माणसं टेम्पो भरून उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत कामाला जातात, त्यांना रोजाचा हिशेब बरोबर कळतो. दिवसभर पोती उचलायची की संध्याकाळी दिव्याखाली उभं राहून सांगतील तेव्हा बाद व्हायचं? बाद होण्याचे ४००, नाबाद राहण्याचेही ४००. जगाच्या इतिहासात इतकं दडपणमुक्त क्रिकेट कुणी खेळलं नसेल. क्रीडा मानसशास्त्राचे तज्ज्ञ खेळाडूला निकालाचा विचार सोडून द्यायला सांगतात. मोलीपूरच्या मजुरांनी तो सामन्याआधीच सोडला होता. सगळं खोटं असलेल्या त्या मैदानात घाम तेवढा खरा होता, आणि त्याचा भाव सर्वांत कमी होता.

आता भीतीकडे येतो. इथे मला जरा जपून बोलावं लागतं, कारण गोष्ट आमच्या जिल्ह्यातली आहे. पृथ्वी शॉ विरारचा. बापाबरोबर लोकलने वांद्र्याला शाळेत जाणारा पोरगा. २०१३ च्या नोव्हेंबरात हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा ठोकल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, म्हणजे त्या डावाच्या वेळी विरार ठाणे जिल्ह्यात होतं. पण आम्ही पूर्वलक्षी प्रभावाने तो डाव पालघरच्या खात्यावर जमा करून घेतला. २०१८ साली त्याने भारताला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून दिला, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक काढलं. आणि २०१९ च्या जुलैअखेर बातमी आली, की पृथ्वी शॉ डोप चाचणीत सापडला, आठ महिन्यांची बंदी.

फेब्रुवारीत इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडलं होतं. हे खोकल्याच्या औषधात असतं. सर्दी-खोकला झाला म्हणून दुकानातून औषध आणून घेतलं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते नकळत घडल्याचं बोर्डानेही मान्य केलं. बंदी धरली गेली १६ मार्चपासून. मधल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. म्हणजे बंदीचा बराच भाग त्याने मैदानात चौके मारत भोगला. पूर्वलक्षी प्रभाव आमच्या एकट्याच्याच अंगात नाही, हे तेव्हा कळलं.

डहाणूत त्या दिवशी एकमुखाने निकाल लागला: निर्दोष. “खोकल्याचं औषध कोण घेत नाही?” हा बिनतोड सवाल होता. थंडीत दव पडतं, समुद्राचं वारं येतं, घरटी एक बाटली असतेच. मी आपलं सांगायला गेलो, की अगदी तेच औषध खेळाडूला चालतं, फक्त आधी अर्ज करून उपचारासाठीची सवलत घ्यावी लागते. आमच्याकडे नीरा पहाटे काढून लगेच प्यायली तर तब्येतीला चांगली, आणि तीच ऊन चढेपर्यंत मडक्यात राहिली तर ताडी. झाड तेच, रस तोच, फरक वेळेचा. औषधाचंही तसंच आहे. हा दृष्टान्त सगळ्यांना पटला, पण गाडी औषधावरून ताडीवर गेली आणि पृथ्वी बाजूला राहिला.

गंमत अशी, की हीच मंडळी बाहेरच्या खेळाडूंच्या सबबी ऐकताना तोंडाला पदर लावून हसतात. शेन वॉर्न २००३ च्या विश्वचषकाआधी सापडला, तेव्हा म्हणाला की आईने गोळी दिली होती, जरा बारीक दिसावं म्हणून. सायकलपटू कोंतादोर म्हणाला, गाईच्या मांसातून आलं. टेनिसपटू रिशार गास्के म्हणाला, नाइटक्लबमध्ये एका बाईचं चुंबन घेतलं, तिच्या तोंडातून कोकेन आलं, आणि हे लवादाने मान्यही केलं. आमचे एक सद्गृहस्थ तेव्हापासून उसासे टाकतात, की सबब तरी अशी नशिबात असावी. आपला पोरगा सापडला की खोकला, दुसऱ्याचा सापडला की घोटाळा, हा चाहत्यांचा अलिखित कायदा आहे. मल्ल नरसिंग यादवच्या वेळी हेच झालं. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला आपला गडी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी सापडला. माझ्या खाण्यात कुणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. भारतातल्या डोपिंगविरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, ते मानलं, क्रीडा लवादाने मानलं नाही, आणि तो रिओत पोचलेला असताना कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. खरं काय ते देवाला ठाऊक. आम्ही मात्र पुरावा बघायच्या आधीच त्याच्या बाजूने उभे होतो, कारण केसरी हा शब्द आमच्या भाषेतला होता.

इथवर सगळं विनोदाने घेता येतं. बोर्डीच्या किनाऱ्यावर ते जमत नाही.

ओहोटीला बोर्डीचा समुद्र खूप लांब जातो आणि मागे ओली, टणक वाळू राहते. पहाटे सुरूच्या झाडांखाली पोरं जमतात. गळ्यात मोबाइल, पायात घासलेले बूट, काही अनवाणी. ही ऑलिंपिकची तयारी नव्हे, पोलिस भरतीची आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण १६०० मीटर धावण्याला. ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं तर पूर्ण गुण. आश्रमशाळेत शिकलेल्या, घरात पहिला बारावी झालेल्या पोराच्या आयुष्यात यापेक्षा मोठी अंतिम फेरी नसते. एका पोराला मी विचारलं, “किती लागले?”

“पाच एकवीस, काका.”

“छान की रे.”

“छान कुठे? पाच दहा पाहिजे. अकरा सेकंदात मार्क जातात, आणि एका मार्कात पन्नास पोरं पुढे जातात.”

२०२३ च्या भरतीच्या वेळी राज्यात काही ठिकाणी उमेदवारांकडे उत्तेजक इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मी विषय काढला. तो थोडा वेळ पायातली वाळू झाडत राहिला.

“सांगतात ना लोक. एका सुईचं काम आहे म्हणतात.”

“मग?”

“मग काय काका? नोकरी लागली तर असल्या पोरांना मलाच पकडायचंय.”

पोराच्या या उत्तरावर मला हसू आलं, आणि त्याला पोलिसात घ्यायला भरतीची गरजच काय, असंही वाटलं. पण अकरा सेकंदांचा हिशेब काही त्या उत्तराने मिटत नाही. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या २०२२ च्या आकड्यांत भारताचे ३,८६५ नमुने तपासले आणि १२५ सापडले. भरपूर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे लोक येणार म्हटल्यावर निम्मं मैदान रिकामं झालं. पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उरला. तो एकटा धावला आणि पहिला आला. एक मुलगी स्टीपलचेस संपवून थांबलीच नाही, नमुना घेणारा अधिकारी मागे आणि ती पुढे. बातमी वाचून टपरीवर पोट धरधरून हसले सगळे. मीही हसलो. मग मनात आलं, या पोरी-पोरांना जागतिक विक्रम करायचा नव्हता. राज्याचं एक प्रमाणपत्र हवं होतं, त्यावर खेळाडूंच्या कोट्यातली एखादी नोकरी. सुई टोचून घेणाऱ्यांत ऑलिंपिकचं सोनं डोळ्यांपुढे असलेले थोडे, आणि नेमणुकीचा कागद डोळ्यांपुढे असलेले फार.

म्हणून हल्ली कुणी सापडला की मी “किती पैसे घेतले?” हे विचारायच्या आधी एक दुसरा प्रश्न विचारतो: हा हरला असता तर कुठे गेला असता? घरजावई सासूच्या पानावर गेला असता, मोलीपूरचा मजूर ४०० रुपये खिशात घालून घरी गेला असता. ज्याला जायला दुसरी जागा आहे तो सरळ खेळू शकतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेतलं, तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नेम चुकला असता तर वाईट वाटलं असतं, पण अंगावर घालायला काळा कोट होता. महिन्याचा पगार ही जगातली सर्वांत स्वस्त डोपिंगविरोधी योजना आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ती राबवायला परदेशी प्रयोगशाळा लागत नाही.

टपरीवर मी हे मोठ्या आवेशात मांडलं, तर एक निवृत्त मास्तर शांतपणे म्हणाले, “आणि खाशाबा?” माझी बोलतीच बंद झाली. कुसाळेच्या आधी महाराष्ट्राच्या माणसाने वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते ७२ वर्षांपूर्वी, खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीहून. जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. आपल्या गुरुजींचं घर गहाण अडकवून परक्या देशात आखाड्यात उतरायचं, याहून मोठं दडपण कुठलं? परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावल्या आणि त्या पैशातून ते घर सोडवलं. मास्तरांचं खरं होतं. भीती असूनही सरळ राहणारी माणसं असतात, आणि तीच जास्त असतात, फक्त त्यांची बातमी होत नाही. दडपण समजून घ्यावं, पण ते बंदी माफ करायचं कारण होऊ शकत नाही, नाहीतर त्या अकरा सेकंदांसाठी रोज धावणाऱ्या पोरावर अन्याय होईल. एवढं मी मान्य केलं. प्रत्येक खेळाडू खाशाबा असायला हवा, अशी अट घालून खेळ चालवता येत नाही, एवढं मास्तरांनी मान्य केलं. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर मात्र एकमत झालं नाही.

खेळाडूला जायला जागा असली, तरी आपण त्याला ती ठेवू देतो का, हाही प्रश्न आहे. पालघरचा शार्दूल ठाकूर २०१८ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आला आणि अंधेरीहून सरळ गाडी पकडून घरी निघाला. डब्यातल्या कॉलेजच्या पोरांनी फोनवर त्याचा फोटो शोधून समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. मला ही गोष्ट त्याच्या कुठल्याही विकेटपेक्षा मोठी वाटते. याच शार्दूलला २०२२ च्या लिलावात १० कोटी ७५ लाख मिळाले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहच्या लिलावात कुणीच बोली लावली नाही. त्याच लिलावात पृथ्वीलाही गिऱ्हाईक मिळालं नाही. एका दिवसात आमच्या जिल्ह्याची दोन्ही माणसं परत आली. पुढे मार्चमध्ये लखनौचा एक गोलंदाज जायबंदी झाला आणि शार्दूलला बोलावणं आलं, त्याने विकेटही काढल्या. पण त्या मधल्या महिन्यांत, “आता काय करणार हा?” असं आम्ही ज्या चवीने विचारत होतो, ती चव काही चांगली नव्हती. १० कोटी मिळाले तेव्हा आम्ही म्हणत होतो, एवढे पैसे कशाला? मिळाले नाहीत तेव्हा म्हणालो, संपला.

आणि इथे माझा प्रश्न माझ्याच अंगावर येतो. सामना हरला तर चाहता कुठे जातो? कुठेच नाही. टीव्ही बंद करतो, हात धुतो, पानावर बसतो. त्याचं कंत्राट जात नाही, मार्क जात नाहीत, घर गहाण पडत नाही. या सगळ्या व्यवहारात हरणं परवडणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे प्रेक्षक. आणि हरणं अजिबात सहन न होणाराही तोच. फुकटात आलेलं दडपण आपण उचलून ज्याला ते परवडत नाही त्याच्या डोक्यावर ठेवतो, आणि तो वाकला की म्हणतो, पैशाने बिघडला.

तेव्हा खेळ स्वच्छ करायची सुरुवात कुठून करायची, यावर माझी एक नम्र सूचना आहे. नाडाच्या लोकांनी खेळाडूंबरोबर अधूनमधून टपरीवरच्या आम्हा मंडळींचीही चाचणी घ्यावी, तीही आपण हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. साखर, तंबाखू आणि अजीर्ण झालेली मतं सापडतील, ती चालतात. पण ज्याच्या नमुन्यात “मी असतो तर हा चेंडू सोडला असता” सापडेल, त्याच्यावर आठ महिने सामने बघायची बंदी घालावी. पूर्वलक्षी प्रभावाने घातली तरी आमची हरकत नाही, म्हणजे आयपीएल बघून झालेली असेल.